आईच्या रक्तातलं एक अक्षर

"बीटा थॅलेसेमिया मेजर," मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे मुलाच्या अंगात धड रक्तच तयार होत नाही. दर तीन आठवड्यांनी ते बाहेरून भरावं लागतं, जन्मभर. अजित तेव्हा आठ महिन्यांचा होता आणि माझा पदर चोखत होता.

आईबाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. आमच्या दोघांच्या तपासणीत ते निघालंच. मी रोह्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते, तरी तो कागद मी डॉक्टरीणबाईंकडून पुन्हा वाचून घेतला.

माझं लग्न थोरल्या मामाच्या मुलाशी झालं. आमच्यात मामाच्या घरी मुलगी देणं म्हणजे घरातली घरात राहणं. पेणला माहेरी गेले तर आईनं निकाल लावून टाकला. "तुझ्यात आलाय तो तुझ्या बापाकडनं, नवऱ्यात आलाय तो मामीकडनं. माझ्या म्हायेरात असला काय नाय."

वडील वारलेले, ते काय बोलणार? मामी, म्हणजे माझी सासू, नागोठण्याची, बाहेरून आलेली. मी आईवर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि वर्षभर मामीशी सरळ तोंडानं बोलले नाही. हे लिहिताना लाज वाटते. त्याच भरवशावर आईनं धाकट्या बहिणीचं, मंदाचं, लग्न धाकट्या मामाच्या मुलाशी ठरवलं. ते घर म्हणे स्वच्छ.

मुंबईच्या रुग्णालयात अजितला रक्त चढायला अर्धा दिवस लागे. त्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेत अशा कुटुंबांचा अभ्यास चाले. त्यांनी घरातल्या मोठ्यांचं रक्त मागितलं. आईसुद्धा कुरकुरत देऊन गेली. रक्त बोलेल असं तिला वाटलं नसावं.

मी नुसती बसून असते हे पाहून तिथल्या संशोधक बाईंनी मला संगणकापुढे बसवलं. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबलचक ओळ. डेटाबेस म्हणजे जगभर वाचलेल्या अशा ओळींचा साठा. त्यातून निरोगी ओळ घ्यायची आणि आपली तिच्याखाली अक्षराखाली अक्षर लावायची. याला अलाइनमेंट म्हणतात. आमच्या घरात एका जागचं जी बदलून सी झालं होतं. तेवढ्यानं रक्तातलं हिमोग्लोबिन नावाचं प्रोटीन पुरेसं बनत नाही.

मामीची ओळ मी तीनदा तपासली. एक अक्षरही हललेलं नव्हतं. थोरल्या मामाच्या ओळीत मात्र त्या जागी जी आणि सी दोन्ही उमटले होते, म्हणजे एक जनुक चांगलं, एक बिघडलेलं; असा माणूस स्वतः धडधाकट असतो. आईच्याही.

बाई म्हणाल्या, "हा बदल आपल्याकडे बऱ्याच घरांत सापडतो. पण तुमच्या घरात तो कुठून आला, हे आता दिसतंय."

मी पेणला जाऊन कागद आईपुढे ठेवला.

"माझे दोन भाव ल्हानपणीच गेले," ती म्हणाली. "पांढरेफटक पडून, पोटा फुगून. हितं जुन्या मानसांना सगल्यांना म्हायती हाय."

"मग मला त्याच घरात का दिलीस?"

"त्या घरात दुसऱ्या कुणी पोर दिली नसती गो. म्हणून मी माझी दिली."

आईनं जाणूनबुजून माझा केसानं गळा कापला होता, आणि आता मंदाची पाळी होती. मी हट्टानं मंदाची आणि त्या मुलाची तपासणी करवली. दोघांतही ते जनुक निघालं. मंदानं स्वतः लग्न मोडलं. तिला तो मुलगा आवडत होता, त्यामुळे ती माझ्याशीही नीट बोलत नाही.

रोह्याला येऊन मी मामीची माफी मागितली. ती अजितला मऊ भात भरवत होती. "माझा रक्त चांगला निघाला, व्हय," ती म्हणाली, "पन त्याचा पोराला काय उपेग?" तेव्हापासून मुंबईच्या प्रत्येक खेपेला ती माझ्यासोबत असते. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांना विचाराल तेवढंच घरातल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. लहानपणी कोण गेलं, कशानं गेलं, हे लग्न ठरवण्याआधी विचारा.

आई अधूनमधून येते. मी दार उघडते, चहा ठेवते, जेवून जा म्हणते. अजितला तिच्या मांडीवर देत नाही.