बरं वाटलं म्हणायचं नाय

माझे दाजी बिभीषण यांच्या कमरेवर जुने डाग आहेत. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. कळपातलं जनावर लंगडलं काय किंवा घरातल्या माणसाची कंबर धरली काय, इलाज एकच: विळा लाल करून चटका. वर नियम असा, की खपली पडेपर्यंत "बरं वाटतंय" हे तोंडातून काढायचं नाही. दुखणं ऐकतं म्हणे, आणि माघारी येतं. मला याची चीड येते, पण त्या घरात हा नियम देवासारखा पाळतात.

दाजी शेंद्र्याच्या एका कारखान्यात माल चढवायचे. पुढं कंबर अशी धरली की माझी बहीण सखू रोज त्यांच्या पायात चप्पल सरकवायची. ठेकेदारानं सांगून टाकलं, धड होऊन या, नाहीतर येऊ नका. शेवटी मी माझ्या रिक्षातून दोघांना क्रांती चौकापलीकडच्या एका डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, कमरेच्या सांध्यातलं दुखणं वाहून नेणारी बारीक नस सुईच्या टोकाच्या उष्णतेनं जाळू. चिरफाड नाही, बरेच महिने आराम पडू शकतो. पण नस तीच आहे का, हे आधी बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघायचं. काही तास दुखणं थांबलं, तरच जाळायची.

दाजींनी यातलं "जाळायची" एवढंच ऐकलं.

इंजेक्शनच्या दिवशी आत एकालाच सोडत होते, म्हणून सखू गेली. डॉक्टरांनी वाकायला लावलं, विचारलं, किती फरक पडला? दाजी मुद्दाम कण्हत अर्धवट वाकले. "कायच नाय साहेब, तसंच हाय." मग ही नस नव्हे, जाळून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. दाजी मात्र खुशीत बाहेर आले आणि स्वतः वाकून चप्पल घातली. त्यांच्या लेखी डागणी झाली होती.

मुकुंदवाडीला घरी उतरल्यावर सखूला राहवलं नाही. शेजारच्या केसरबाईला म्हणाली, "ह्यांनी आज आपल्या हातानं चप्पल घातली, बाई!"

संध्याकाळी औषधाचा असर उतरला आणि कळ परत आली. "तुझ्या तोंडानं घालवलंस!" दाजी तिच्यावर ओरडले. मग उठता-बसता तोच टोमणा. ते इंजेक्शन नुसतं तपासायला होतं, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. माझं कोण ऐकतंय!

काही महिन्यांनी मीच डॉक्टरांना गाठून सगळी हकीकत सांगितली. भला माणूस, पुन्हा तपासायला तयार झाला. म्हणाला, या वेळी घरच्यांनाच विचारतो.

पुन्हा इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी सखूला विचारलं, "तुम्ही सांगा, फरक दिसतो का?"

"नाय साहेब," ती जमिनीकडं बघत म्हणाली, "काय बी फरक नाय."

डॉक्टरांनी नाद सोडला.

खाली येऊन दाजी कुणाचा हात न धरता रिक्षात चढले. मी सखूला बाजूला घेऊन विचारलं, असं का केलंस?

"मी बोलले की दुखणं परत येतं ना, दादा. आता तरी राहू दे."

तिच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. रिक्षात ऐटीत बसलेल्या त्या माणसाला मात्र खाली ओढावंसं वाटलं.

घरी तिनं केसरबाईच्या हाकेला ओसुद्धा दिली नाही. संध्याकाळी मी डोकावलो, तेव्हा दाजी भिंत धरून उभे होते आणि सखू खाली बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवत होती. या वेळी कुणीच काही बोललं नव्हतं.