कृष्णकांतचा वन्समोर

आमच्या केळव्याच्या नाटक मंडळीत कृष्णकांत राऊतसारखा गळा दुसऱ्या कुणाला नव्हता. मी नायक. राजा, संत, संन्यासी, सगळे मीच! तो माझा सेवक. त्याच्या वाट्याला चार ओळींचं एक पद यायचं, तेवढंच. पण त्या चार ओळींना बायाबापड्या पदर डोळ्यांना लावायच्या, आणि ते मला सोसत नसे.

पडदा सांभाळणाऱ्या बन्सीची आणि माझी एक गुपचूप खूण ठरलेली होती. मी टाच दोनदा आपटली की तो पडदा सोडायचा. मासवणच्या प्रयोगात कृष्णकांतला वन्समोर मिळाला. लोक उभे राहिले. मी टाच आपटली. दोनदा.

रंगपटात तो गोंधळून उभा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कृष्णा, वरच्या पट्टीत तुझा आवाज फाटतो रे. लोक हसायच्या आत पडदा पडला, वाचलास."

महिन्याभरात तो तारापूरला एका कापड कारखान्यात लागला. तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढली, सुट्टीच्या दिवशी सुपारीची वाडी शिंपली. गायला मात्र कधीच नाही. माझ्या प्रत्येक सत्काराला पहिल्या रांगेत बसून तो टाळ्या वाजवायचा.

त्याची नात भाविका पुण्यात दीर्घिकांवर, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांवर, संशोधन करते. परवा आमच्या शाळेत तिचं भाषण झालं. ती म्हणाली, "बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक महाकाय कृष्णविवर असतं. ते आणि तारे एकाच थंड वायूवर वाढतात. पण विवर फार खाऊ लागलं की त्याच्याभोवती असे झोत उठतात, की उरलेला वायू तापतो, उधळला जातो. मग तिथे नवे तारे जन्मत नाहीत. हे नेमकं कसं घडतं, ते आम्ही अजून शोधतोय."

मुलं टाळ्या वाजवत होती. मला माझीच टाच ऐकू येत होती.

तसाच तिच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो. कृष्णकांत ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"कृष्णा, मासवणला पडदा मी पाडला."

"ठावूक हाय." तो हसला. "बन्सी माजा मेव्हणा, अण्णा. त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. येवढ्यासाठी उन्हातून आलात? बसा, च्या घ्या. आवाजाचं मातर तुमी तोंडावर खरं बोललात. दुसरा कोनी बोलला नसता. उपकार हायेत तुमचे."

चहा पिऊन निघून जाता आलं असतं.

"तुझा आवाज फाटत नव्हता," मी म्हणालो. "कधीच नाही."

अडकित्ता थांबला. भाविका कप घेऊन दारात आली होती. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं.

"तुज्या बारशाला आजी मागं लागलेली, पाळना म्हना म्हनून," तो तिला म्हणाला. "मी वाडीत जाऊन बसलो."