आधी जेवायला बसलेली

त्या मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारणीला सगळ्या बायका तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे फौजदार. दोन्ही खरं होतं. नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हे ती. भात जरा मऊ झाला तरी पातेल्याकडे अशी बघायची की वाटावं, आता पातेलंच माफी मागेल. नवरा लवकर गेला, मुलं तिनं याच शेगड्यांवर वाढवली आणि मार्गी लावली. धाकट्या बहिणीलाही तिनंच इथे चिकटवलं. धाकटीचं लग्न, बाळंतपणं, दुखणीखुपणी सगळं ताईनंच निस्तरलं, आणि वर कधी बोलूनही दाखवलं नाही. निदान रोज तरी नाही.

या स्वयंपाकघरात एक रीत होती. हॉलमधला शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत रांधणाऱ्या बायकांनी तोंडात घास घालायचा नाही. मग मोरीपाशी उभ्यानं, जे उरलं असेल ते खायचं. कधी भात उरे तर भाजी नसे, कधी नुसती भांडीच उरत. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती मोडायची परवानगी कुणाकडे मागायची हेही ठाऊक नव्हतं. नव्या बाईला ताई स्वतःच बजावायची, "आधी काम, मग पोट."

एका दुपारी भाजी चिरणारी बाई चक्कर येऊन शेगडीवर पडली. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. कोपरापर्यंत हात भाजला. मॅनेजर धावत आला. त्याच्या कडक शर्टांमुळे बायका त्याला इस्त्री म्हणत. इस्त्रीनं आधी सांडलेली भाजी पाहिली, मग बाई पाहिली आणि विचारलं, "उरलेली सगळ्यांना पुरेल ना?"

ताईच्या मस्तकात तिडीक गेली. निम्मी त्याच्यावर, निम्मी स्वतःवर. हातावर पाणी ओतत असताना ती बाई कण्हत नव्हती, ताईची माफी मागत होती. ते ताईच्या फार जिव्हारी लागलं.

तिनं सगळ्यांना गोळा केलं. ठरलं असं, की हॉल उघडण्याआधी सगळ्याजणींनी हॉलमध्येच, कोपऱ्यातल्या टेबलावर, गरम अन्न वाढून घेऊन जेवायला बसायचं. चोरून नाही, भांडूनही नाही. नुसतं बसायचं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या तेव्हा धाकटीच पुढे झाली.

"ताई, तू बस, तुझ्या शेजारी मी. मग बाकीच्यांना धीर येईल."

"नक्की ना गं?"

"तुला एकटीला तोंडघशी पाडीन का मी?"

मग सगळ्यांनीच माना डोलावल्या. संध्याकाळी घरी जाताना ताई धाकटीचा हात धरून चालली. इतकं हलकं तिला पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीची किल्ली जागेवर नव्हती. ताईनं खूप शोधली, मग नाद सोडला, बाहेरच्या सामानावरच भागवलं. स्वयंपाक वेळेआधी उरकला. तिनं ताटात भात घेतला, हॉलमध्ये गेली, कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसली आणि मागे वळून पाहिलं.

बायका दारातच उभ्या होत्या. एकीचाही पाय उंबऱ्याबाहेर पडेना. त्यांच्यात धाकटी नव्हती. ती आली इस्त्रीच्या मागून, आणि किल्ली तिच्या कमरेला होती.

"उठा ताई. आत्ता लोक येतील," इस्त्री म्हणाला.

"जेवून उठते."

"मग आजपासून तुम्ही भांड्यांवर. स्वयंपाकाचं हिच्याकडे दिलंय."

"कधी दिलंत?"

"काल संध्याकाळी. फोनवरच बोललो."

काल संध्याकाळी. म्हणजे घरी जाताना रस्त्याच्या कोपऱ्यावर धाकटीनं ताईचा हात सोडला आणि लगेच. केसानं गळा कापतात तो असा. ताईनं धाकटीकडे पाहिलं.

"तू सांगितलंस?"

"कुणीतरी सांगितलंच असतं," धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली. "निदान काम घरातल्या घरात राहिलं. तुझी मुलं कमावती आहेत गं. माझी अजून शाळेत जातात."

ते खरं होतं, म्हणूनच ताईला जास्त चीड आली. परक्यानं फसवलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

हॉल उघडला. लोक आले, एप्रन घातलेली बाई टेबलावर बसलेली पाहून घुटमळले, मग आपापल्या जागी बसले. ताई उठली नाही.

"भाजी वाढ," ती म्हणाली.

धाकटीनं इस्त्रीकडे पाहिलं. लोकांदेखत तो काय बोलणार? धाकटीनं भाजी आणून वाढली. ताईनं पायानं शेजारची खुर्ची बाहेर सरकवली.

"बस."

धाकटी पातेलं घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली. ताईनं ताट पुसून संपवलं आणि मोरीवर जाऊन भांड्यांना हात घातला.

दुपार कलताना हॉल रिकामा झाला. बायका नेहमीसारख्या मोरीपाशी गोळा झाल्या. भाजी संपली होती. नवी मुख्य आचारीण ताईच्या शेजारी उभी राहून गार भात गिळत होती. थोड्या वेळानं तिनं आपल्यातला अर्धा भात वाटीत काढला आणि हळूच पुढे केला.

"ताई, तुला ठेवलाय थोडा."

ताईनं हातातली कढई उपडी घातली.

"माझं जेवण झालंय," ती म्हणाली. "तुझं झालं की ताटली दे, घासायची आहे."