गोडं पाणी कुठून येतं?

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आले, तेही हसत हसत. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायचं काम करते मी. जे मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहितेच.

आम्ही बजाजनगरला राहतो – मी, माझे मिस्टर आणि माझे वडील, अण्णा. अण्णा मूळचे पाचोडकडचे, पाणाड्याचं काम करायचे. म्हणजे शेंडी ठेवून सोललेला नारळ तळहातावर आडवा धरून शेतातून चालायचं, आणि जिथं तो आपोआप उभा राहील तिथं विहीर घ्यायला सांगायचं. पंचक्रोशीत त्यांचा शब्द चालायचा. मध्यंतरी आत्याच्या शेतात त्यांनी दाखवलेली जागा ठणठणीत कोरडी निघाली, आणि त्यानंतर त्यांच्या हातावर नारळ उठेचना. आमच्याकडे राहायला आले ते गप्पगप्पच. एकदा जेवताना म्हणाले, "म्या लोकायला जन्मभर फसवलं का गं, माय?"

नारळ हाताच्या स्नायूंमुळे हलतो हे माझं मत त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ते बघून मी नुसतीच त्यांच्या ताटात आमटी वाढली.

मागच्या हिवाळ्यात मिस्टरांनी लक्षद्वीपच्या क्रूझचं आम्हा तिघांचं बुकिंग केलं. जहाज बेटाजवळ थांबतं, पण उतरून काय बघायचं ते आधीच निवडून ठेवावं लागतं. आमच्या हॉलमध्ये लॅपटॉपसमोर त्यावरून रोज वादावादी! मिस्टरांना स्नॉर्केलिंग हवं होतं – कमरेएवढ्या पाण्यात धाप लागणाऱ्या माणसाला! मला काचेच्या तळाची बोट हवी होती, म्हणजे कपडे न भिजता मासे बघायचे. अण्णा मागे खुर्चीत बसलेले. स्क्रीनवरचा तो निळाशार समुद्र बघून एकच म्हणाले, "चहूकडून खारं पाणी. मग इथल्या लोकायला प्यायला गोडं पाणी कुठून येतं?"

कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. मी तिथल्या तिथे गावातली पायी फेरी निवडून टाकली, कारण तिच्या फोटोत एक विहीर दिसत होती.

"अगं, एवढ्या लांब जाऊन विहीर बघायची?" मिस्टर कुरकुरले. "पैठण रोडला विहिरी काय कमी आहेत?"

पण आले बिचारे आमच्याबरोबर.

बेटावरच्या गाईडनं हिंदीतून सगळं समजावून सांगितलं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. म्हणजे तिथं खणलं की बहुतेक ठिकाणी गोडं पाणी लागतंच. हे मुद्दाम सांगतेय, कारण पाणी असण्यात नवल काहीच नाही. अण्णांनी विहिरीचं पाणी चाखलं, "गोडंय की!" म्हणाले, आणि खाणाखुणा करून एका घरातून शेंडीचा नारळ मागून आणला.

तळहातावर तो धरून ते माडांमधून हळूहळू चालत राहिले. नारळ हलला नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "तू धर."

"अण्णा, माझा यावर विश्वास नाही."

"व्हय, म्हणूनच तुला देतो. आता माझ्या हातावर उठला तरी मलाच खरं वाटायचं नाय."

मी एका हातावर नारळ ठेवला आणि दुसऱ्या हातानं आपलंच मनगट घट्ट आवळलं, हात हलायलाच नको म्हणून. एका वाकड्या माडाजवळ पोचले... आणि नारळाची शेंडी वर यायला लागली. अंथरुणातून कुणी उठून बसावं तसा तो सावकाश उभा राहिला. मी पुढे गेले, आडवा झाला. परत आले, पुन्हा उभा!

मग माझ्यातली क्वालिटीवाली जागी झाली. नारळ बदलला. मिस्टरांना ओढणीनं माझे डोळे बांधायला लावले. त्यांनी मला गरागरा फिरवून भलतीकडून चालवलं, तरी नारळ उठला तो त्याच जागेवर. मिस्टरांच्या हातावर मात्र ढिम्म. खाली काय आहे ते बघायचं राहूनच गेलं, कारण गाईड बोटीसाठी हाका मारायला लागला.

परतीच्या बोटीत अण्णांनी माझं मनगट धरलं. "माझ्यासाठी म्हणून हलवला का तू? खरं सांग."

"नाही, अण्णा."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

त्यांनी समुद्राकडे तोंड फिरवलं आणि ते हमसून हमसून रडले. मलाही रडू आवरेना.

घरी आल्यावर मी बरेच प्रयोग केले – सोसायटीच्या मागे, आत्याच्या शेतात. नारळ एकदाही उठला नाही. ऑफिसातले म्हणतात, नकळत हात हललाच असेल, माडाची सावली जाणवली असेल. असेलही... मला अजून पटलेलं नाही, आणि माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही.

खरं सांगायचं तर त्या बोटीत अण्णांसाठी मी बेधडक खोटं बोलले असते, शपथही घेतली असती. तशी वेळच आली नाही.