मागची दोन वर्षे जमा

निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की लोकांना खून हवा असतो, दरोडा हवा असतो, निदान एखादा पाठलाग तरी. ते सामान माझ्याकडेही आहे. पण मन पुन्हा पुन्हा जाते ते एका साध्या फसवणुकीच्या गुन्ह्याकडे. त्यात कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. कुणी पळाले नाही. अटक करायला गेलो तेव्हा आरोपीने आम्हाला आधी पाणी विचारले. तरी ते प्रकरण मनावरून उतरत नाही. नाव मी कुणाचेच देणार नाही, आणि का देणार नाही ते वाचताना कळेलच.

निवृत्ती जवळ आली होती आणि मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. सोयाबीनची सोंगणी चालू होती. त्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या: धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोकी फुटली, विहिरीवरची मोटार गेली, थ्रेशरवाला सांगून आला नाही. एका सकाळी ठाणे अंमलदार हसत खोलीत आला.

"साहेब, एका बाईचा फोन होता. नाव नाही सांगत. म्हणते, त्या नर्सिंगवाल्या सराले इचारा, पोरीइची मागची दोन वर्षं कोठी जमा केली."

त्याला ती बाई थोडी भ्रमिष्ट वाटली होती. मला तसे वाटले नाही. निनावी फोन करणारा माणूस शिव्या देतो, नाहीतर कुणाला तरी अडकवायला बघतो. ही बाई सरळ प्रश्न विचारत होती. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि फोनचा नंबर काढायला सांगितला.

नर्सिंगवाले सर सगळ्या तालुक्याला माहीत होते. बसस्थानकासमोर, कृषी केंद्राच्या माडीवर त्यांचे मार्गदर्शन केंद्र होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मृदू बोलणे, भेटेल त्याला आधी नमस्कार. हल्ली कॉलेजात शिकलेल्या विषयांचे क्रेडिट मुलांच्या खात्यावर चढते, मोबाइलवर दिसते, आणि काही अभ्यासक्रमांत ते एका कॉलेजातून दुसऱ्यात नेताही येते. ही गोष्ट खरी आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांत नर्सिंगची पदवी घेता येते, हेही खरे आहे. सरांनी या दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध आपली एक खोटी नेऊन बसवली. साध्या बी.एस्सी.ची दोन वर्षे नर्सिंगच्या पदवीत जमा होतात आणि मुलगी थेट तिसऱ्या वर्षाला बसते, असे ते सांगत. शेजारच्या राज्यातल्या एका कॉलेजचे नाव घेत. लबाड माणूस सगळेच खोटे बोलतो असा लोकांचा समज असतो. माझ्या पाहण्यातले मुरलेले लबाड बहुतेक वेळ खरेच बोलायचे.

फोनचा नंबर केनवडच्या पुढच्या एका गावातल्या शेतकऱ्याचा निघाला. आमच्या महिला पोलीस नाईक इंझोरीकडच्या. ठाण्यात सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांना घेऊन मी साध्या वेशात, खासगी गाडीने गेलो. घर विचारावे लागले नाही. गावात शिरतानाच फ्लेक्स लागलेला होता. पांढऱ्या कोटातली एक मुलगी, शेजारी सर, खाली सरपंच आणि पोलीस पाटील, आणि मोठ्या अक्षरांत नर्सिंगच्या तृतीय वर्षात थेट प्रवेश मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. उन्हाने फोटोतले रंग उडाले होते.

बापाने खाटेवर सतरंजी टाकली. आम्ही चौकशीला आलो म्हटल्यावरही त्याचा चेहरा पडला नाही. त्याला वाटले, नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी आली.

"इचारा न साहेब. माही पोरगी सिस्टर हाये. साऱ्या गावाले इचारा."

आम्ही बसलो असतानाच शेजारची म्हातारी पदर सावरत आली आणि मुलीपुढे दंड धरून बसली. "पाह्य माय, बीपी वाढला का." मुलीने पट्टा गुंडाळला. फोनविषयी विचारले तेव्हा तिने मान हलवली. आपण कुठेही फोन केला नाही, शिक्षण व्यवस्थित चालू आहे, तक्रार कशाचीच नाही.

बाई पाणी पिण्याच्या निमित्ताने तिच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या. मी बापाशी तुरीच्या पिकावर बोलत बसलो. परतीच्या वाटेवर बाईंनी सगळे सांगितले. फोन तिचाच होता. बी.एस्सी.ची दोन वर्षे झाल्यावर बाप लग्नाचे बघत होता. तिला नर्स व्हायचे होते. पहिल्या वर्षापासून चार वर्षे शिकवायला बाप तयार नव्हता, पण सरांनी मागची दोन जमा करून दिली म्हणताच तो राजी झाला. आणखी दोनच वर्षे, मग नोकरी, मग लग्न, असे ठरले. तिने कॉलेजातून टीसी काढली, सगळी मूळ कागदपत्रे आणि बापाने जमवलेले फीचे पैसे सरांच्या हवाली केले. तेव्हापासून तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात 'प्रॅक्टिकल' चालू होते, म्हणजे चादरी बदलणे आणि फरशी पुसणे. वर्ग नाही, परीक्षा नाही. मोबाइलवर खाते उघडून पाहिले तर जुन्या कॉलेजचे क्रेडिट जिथल्या तिथे होते, पुढे काहीच चढलेले नव्हते.

"मग तक्रार का देत नाही?" मी विचारले.

बाई म्हणाल्या, "साहेब, गावानं तिले शाल देल्ली हाये. आता कोन्या तोंडानं सांगन?"

आमच्या भागात कुणाचे काही चांगले झाले की सत्कार होतो. मुलगा पोलिसात लागो, मुलगी दहावीला पहिली येवो, पारावर मांडव पडतो, शाल-श्रीफळ येते, भाषणे होतात. यात वाईट काहीच नाही. मी स्वतः असे ढीगभर सत्कार घेतलेत. पण सत्कार झालेल्या माणसाला मागे फिरायची वाट राहत नाही, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सरांना नोटीस देऊन चौकशीला बोलावले. वेळेआधी आले. कॉलेजचे प्रवेशपत्र दाखवले, त्यावर शिक्काही होता. मी आडवेतिडवे विचारले तरी त्यांचा आवाज चढला नाही.

"साहेब, येवढ्या पोरीइचं भलं केलं मी. एक तरी तक्रार दाखवा मले."

"तक्रार येणारच नाही असं तुम्हाला वाटतं?"

"कायले येईन? हरेक पोरीचा सत्कार केला मी. तिच्याच गावात, साऱ्या लोकाइपुढं. कॉलेजात पाय टाकाच्या आंधी. असं कोनी करत नाही."

शेवटचे वाक्य ते अभिमानाने बोलून गेले. मी चहा मागवला. प्रवेश घ्यायच्या आधी सत्कार! मुलीच्या तोंडाला कुलूप लावायची याहून पक्की युक्ती मी पाहिलेली नाही. त्यात गावच्या सरपंचाचा आणि आमच्या पोलीस पाटलाचाही हात लागलेला, तेही हसतहसत, फोटोसाठी. मी सरांना जाऊ दिले.

फसलेल्या मुली शोधायला गेलो असतो तर एकही सापडली नसती. म्हणून पोलीस पाटलांच्या मासिक बैठकीत मी फसवणुकीचा शब्दच काढला नाही. नेहमीप्रमाणे सणाचा बंदोबस्त, अवैध दारू झाले आणि मग सहज विचारले, तुमच्या गावात कोणत्या मुलीचा नर्सिंगसाठी सत्कार झाला? हात भराभर वर आले. प्रत्येक जण आपल्या गावची हुशार पोरगी कौतुकाने सांगू लागला. एकाने तर मोबाइलमधला फोटो फिरवला. बाई कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

त्यानंतर बाई त्या एकेका गावी जाऊन आल्या. कुणी दार लावून घेतले, कुणी रडले, कुणाची आई हात जोडत राहिली. फिर्याद द्यायला कुणीच तयार होईना. फिर्यादीशिवाय माझे हात बांधलेले होते आणि सरांची नवी तुकडी भरत होती.

त्यातच कळले की केनवडकडच्या त्या मुलीची मावसबहीण, धनजची, पुढच्याच आठवड्यात कॉलेज सोडणार आहे. तिच्या सत्काराचा मांडवही ठरला होता. हे बाईंनी मुद्दाम केनवडकडे जाऊन त्या मुलीला सांगितले. तिने बापाला शेतातून बोलावून घेतले, त्याच्यासमोर सगळे सांगितले आणि संध्याकाळच्या आत ठाण्यात आली. बाप मागे चालत होता. त्याचा चेहरा सुतकातल्या माणसासारखा झाला होता.

माझ्यासमोर बसल्यावर तिने एवढेच विचारले, "तिची टीसी अजून निघाली नाई न?"

"नाही."

"मंग लिहा साहेब."

तिची फिर्याद मी स्वतः लिहून घेतली. शब्द न अडखळता सांगत होती. ती सही करताना मात्र बाप उठून बाहेर गेला.

गुन्हा दाखल झाला. केंद्राची झडती, पंचनामा, शिक्के जप्त, सगळे रीतसर झाले. सांगितलेल्या पत्त्यावर कॉलेज नव्हते, एक भाड्याचा हॉल होता. नर्सिंग परिषदेला पत्र पाठवून विचारले. उत्तर स्पष्ट होते: साध्या विज्ञान पदवीची वर्षे नर्सिंगच्या पदवीत धरली जात नाहीत, पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. तपासाच्या दृष्टीने तो कागद म्हणजे सोने. मुलीने तो वाचला आणि घडी घालून माझ्याकडे परत दिला. तिच्या जुन्या कॉलेजनेही प्रवेशाची मुदत संपली, वर्ष हातचे गेले, असे कळवले. बापाने नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचे नाव काढू दिले नाही. धनजची पोर तेवढी वाचली. ती आपल्या कॉलेजात राहिली.

कोठडीत तिसऱ्या दिवशी सरांनी सगळे कबूल केले, कसलीही घाई न करता. उठताना म्हणाले, "तुमी मले धरलं, ठीक हाये. पन साहेब, देल्लेला सत्कार कसा वापस घेसान?" मला ती उगाच मिजास वाटली. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. पण माझी भिस्त फिर्यादीवर होती. दोषारोपपत्र गेले आणि काही काळाने मी निवृत्त झालो.

खटला उभा राहिला तेव्हा मला साक्षीचे समन्स आले. कोर्टाच्या आवारात मुलीचा बाप लिंबाखाली उभा होता. मला पाहून जवळ आला.

"साहेब, पोरीचं लगन झालं."

"चांगलं झालं. कुठे दिली?"

त्याने गाव सांगितले. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याइले नर्स पाह्यजे होती. आमी काई सांगतलं नाई. गावच सांगे, सिस्टर हाये म्हनून. पत्रिकेतबी तसंच छापलं." त्याने हात जोडले. "जवाई संगं आला हाये. साहेब, आता तुमीच समजून घ्या."

मी त्याचे जोडलेले हात खाली घेतले आणि कोर्टात गेलो.

ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा अंगावर भारी साडी होती आणि पोट दिसू लागले होते. मागच्या बाकावर तिचा नवरा बसला होता. साधा, भला वाटणारा मुलगा. बायकोला कोर्टात कशाला बोलावले हे त्याला नीट माहीत नसावे. सरकारी वकिलांनी तिची फिर्याद वाचून दाखवली. असे आपण सांगितले नाही, पोलिसांनी लिहिले आणि आपण सही केली, असे ती म्हणाली. वकिलांनी तिला फितूर जाहीर करून उलटतपास घेतला. ती ढळली नाही. फिर्याद दिली त्या संध्याकाळी होता तसाच तिचा आवाज स्थिर होता.

मग आरोपीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. "तुमची मागची दोन वर्षे नर्सिंगमध्ये जमा झाली की नाही?"

तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. नजरेत ना माफी होती ना भीती. फक्त दमलेली दिसली.

"झाली," ती म्हणाली.

बाकीच्या मुलींचीही तोवर लग्ने झाली होती. परिषदेचे पत्र होते, बनावट शिक्के होते, पण आपण फसलो असे म्हणायला कुणीच उरले नव्हते. सर संशयाचा फायदा मिळून सुटले. बाहेर पडताना त्यांनी मला नमस्कार केला.

खरे काय ते बाहेर काढले की पोलिसाचे काम संपले, असे मी नोकरीभर मानत आलो. बाहेर काढलेले खरे पुढे कुणाच्या घरात नांदणार, त्याला तिथे ताट मिळणार की नाही, हे आमच्या कुठल्याच नमुन्यात भरायचे नसते. माझे जुने सहकारी अजून म्हणतात, त्या पोरीने तुमच्या तोंडाला काळे फासले. मला तिचा राग आला नाही. त्या पिंजऱ्यात माझी मुलगी असती तर मीही तिला 'झाली' म्हणायलाच सांगितले असते. खाकी उतरवल्यावर हे लिहिताना मला लाज वाटत नाही, पण फार वाईट वाटते.