बातमीदाराचं बिऱ्हाड

आमच्या कॉलनीतल्या न्हाव्याला सगळे बातमीदार म्हणायचे. कोणाची बदली कुठं झाली, कोणत्या साहेबाचं कोणाशी वाजलं, बॉयलर कधी बंद पडणार, हे त्याला कचेरीच्या आधी कळायचं. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या फाटकासमोर त्याचं दुकान होतं आणि मी आत स्टोअरमध्ये कामाला. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी दर रविवारी मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचो. "ये टकल्या," तो म्हणायचा, "तुझ्याकडून कापायचे नाही, शोधायचे पैसे घेतो." बाकावरचे सगळे खिदळायचे.

तो आधी डोकं धुवायचा, मग कात्री लावायचा. फाटकासमोरच्या टपरीवजा दुकानात कोण एवढे लाड करतं? पण चिमणीची राख आमच्या केसांत बसलेली असायची आणि तिनं कात्रीची धार जायची. पाणी करडं होऊन मोरीत वाहायचं. आमची डोकी अशी धुऊन निघायची. वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, छातीत मात्र ती राख घर करून बसली होती. औषधं देऊन देऊन डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, की हवा बदला.

त्याच सुमारास केंद्र बंद करायचा हुकूम आला. खरं सांगायचं तर चिमणी थांबणार म्हणून आम्ही रडलो, आणि रडता रडता खोकलोही. एवढ्या धुरात पोरं वाढवली, तो गेला हे बरंच झालं, असं आजही मी म्हणेन. पण कॉलनी फुटली त्याचं काय? काहीजण डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर गेले, काही सोलरवर, आणि मी समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात. खुर्चीसमोर आरसा उरला, त्यात बघणारं कुणी उरलं नाही.

बातमीदारानं दुकानाला कुलूप लावलं आणि वहिनींना घेऊन जागा बघायला निघाला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. तिच्यासाठी हवा, आणि आपल्यासाठी डोकी.

आधी सोलर पाहिलं. नजर जाईल तिथवर निळ्या काचा, आणि माणसं म्हणाल तर एक पहारेकरी अन् काचा धुणारे दोघं. "काचांना दाढी येत नाही रे," त्यानं मला फोनवर सांगितलं. शिवाय माळावर धूळ अशी, की वहिनींनी नाकावरचा पदर काढलाच नाही. दुपारीच दोघं परत फिरली.

मग डोंगर. तिथं त्याची मुलगी होती, जावई पवनचक्क्यांवर चढून दुरुस्ती करायचा. वहिनी गाडीतून उतरल्या आणि कुठंही न थांबता चढ चढून मुलीच्या दारापर्यंत गेल्या. हा खाली सामान धरून बघतच राहिला. पण माणसं तिथंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही एकेक टेकडीवर विखुरलेली. गिऱ्हाईक गाठायला डोंगर पालथे घालावे लागले असते.

शेवटी तो माझ्याकडे आला. इथं कॉलनी, शाळा, कँटीन, तिन्ही पाळ्या, शिवाय पहाऱ्याची पलटण. हेल्मेटमुळे सगळ्यांनाच केस बारीक हवे. "टकल्या, डोकीच डोकी!" त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला पाहिला. वहिनींना मात्र धास्ती. "कोळशाची घाण दिसत तरी होती हो भावजी, फडक्यानं पुसता यायची. ही न दिसणारी कशी पुसू?" मी जाड भिंती, मोजमापं, किरणं मोजणारा छातीवरचा बिल्ला, सगळं समजावलं. विमा एजंटाचं ऐकावं तसं त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पुढं ती भीतीही ओसरली असती. पण समुद्राची दमट हवा मानवेना. आठवड्यात छाती शिट्टीसारखी वाजायला लागली, आणि डॉक्टर म्हणाले, यांना कोरड्या हवेत न्या.

अशी एका बिऱ्हाडाची दोन बिऱ्हाडं झाली. वहिनी मुलीकडे डोंगरावर, हा आमच्या केंद्राच्या फाटकापाशी दुकान थाटून. "सध्यापुरतं," तो म्हणाला. सध्या काही संपेना.

दुकान धो धो चाललं. बाकावर रोज वाद, की कोणाची वीज चांगली. आमचे तरुण इंजिनिअर म्हणायचे, आमची रात्रंदिवस चालते, वारा पडतो, सूर्य मावळतो, आम्ही जागचे हलत नाही. डोंगरावरून सुट्टीवर आलेला कुणी म्हणायचा, तुमचा कचरा नातवांच्या नातवांनी राखत बसायचा का? तिसरा म्हणायचा, तुमचं केंद्र उभं राहीपर्यंत आमच्या काचा चार वेळा बसवून होतील, त्याही स्वस्तात. पूर्वीचा बातमीदार असता तर त्यानं दोन्हीकडून तेल ओतून मजा बघितली असती. आता तो हूं हूं करायचा. अजूनही आधी डोकं धुवायचा, आणि मोरीत जाणाऱ्या स्वच्छ पाण्याकडे उगाच बघत राहायचा.

दुपारी तो वहिनींना फोन करायचा. "वारा आहे का?" हा पहिला प्रश्न. त्या फोन खिडकीबाहेर धरायच्या. पात्यांची घरघर ऐकत हा उभा, आणि खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक ताटकळत. वारा पडलेला असला की दिवसभर याचं चित्त थाऱ्यावर नसायचं. मी एकदा म्हटलं, "लेका, पाती थांबली म्हणून वहिनींचा श्वास थोडाच थांबतो?"

"तुला काय कळतंय," तो भडकला. "तुझी बायको घरात आहे."

त्याला तिची आठवण यायची, एवढी साधी गोष्ट होती आणि मी त्याला वीज शिकवत होतो.

एका रविवारी माझ्या गालांवर साबण असताना मुलीचा फोन आला. त्यानं हात ओले म्हणून स्पीकर लावला. "बाबा, आईला हात वर करून वेणी घालवत नाही. दम लागतो. मी घालते म्हटलं तर नको म्हणते, तुला कामं आहेत म्हणते. आखूड करून टाक म्हणून मागं लागलीय. कापू का?"

"कात्रीला हात लावू नकोस," तो म्हणाला. "मी निघालो."

मी आरशातून ओरडलो, "अरे, दाढी तर पुरी कर! आणि हे चालतं दुकान? तिथं तुला डोकी कुठली मिळणार?"

त्यानं टॉवेलनं माझे गाल पुसले, अगदी सावकाश, लहान मुलाचे पुसावेत तसे. "एक आहे ना," म्हणाला.

तेव्हापासून फाटकापाशी कुलूप आहे. रविवारी मी त्या बाजूनं जात नाही. दाढी घरीच करतो, गाल कापून घेतो, आणि बायको हसते. मागच्या आठवड्यात न राहवून फोन केला. मागं वहिनींचा आवाज येत होता, त्या त्याला रागावत होत्या, आणि रागवायला त्यांना पुरेसा दम होता.

"जन्मभर कापलेच रे केस," तो म्हणाला. "विंचरायला कधी शिकलोच नाही. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आणलं मी."

मी विचारलं, "मग दुकान उघडायला कधी येतोस?"

तो म्हणाला, "वेणी अजून वाकडी येते."