धुतलेला फिल्टर

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीसुद्धा ओढ्याला पाणी आलं की बंद. त्यानंतर लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतंच. तेव्हा ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घाला. अक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, "अक्षर कसलं बघताय? लिहिलंय काय ते वाचा."

सव्वा महिना झाला. सकाळी सात वाजता वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे अक्कांची मुलगी; शेवटचे काही महिने अक्का तिच्याकडेच राहायला होत्या. मी पोळ्या लाटत होते. "मामी, आई गेली. झोपेतच..." एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला, तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला, तेव्हा लक्षात आलं की हातात अजून लाटणं आहे. त्याच्या एका टोकाला काळा डाग आहे. चिंच लावून, राख लावून, सोडा लावून किती वर्षं घासला, पण गेला नाही. त्या डागाकडे बघितलं आणि रडू यायच्या आधी मला हसू आलं. आता हे कुणाला सांगणार? नणंद गेल्याची बातमी येते आणि वहिनी स्वयंपाकघरात हसते. म्हणून लिहून ठेवते.

अक्का यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, थोरल्या बहीण. मी लग्न होऊन बार्शीकडून पुण्यात आले तेव्हा अक्कांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. कर्वेनगरच्या इमारतीत तळमजल्यावर त्या आणि लहानगी वैशाली, पहिल्या मजल्यावर आम्ही. मी कुणाशी बोलत नसे. कुणी नाव विचारलं तरी पदराशी खेळत बसायची. आठवडाभर बघून अक्का यांना म्हणाल्या, "बाळू, ही बोलते ना रे? का बघायला गेलो तेव्हा दुसरीच दाखवली?" मला वाटलं, आता काही खरं नाही. पण लगेच माझ्या ताटात लाडू वाढत म्हणाल्या, "असू दे. या घरात ऐकणारं कुणीतरी हवंच होतं."

अक्का पिंपरीकडे एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. पुढे तिथे नवीन यंत्रं आली, माणसं कमी करायची ठरली आणि पैसे घ्या, घरी जा असं सगळ्यांना सांगण्यात आलं. बरोबरच्या बायकांनी कुणी पैसे बँकेत ठेवले, कुणी मुलीच्या लग्नाचं सोनं केलं. अक्कांनी आठ माणसं बसतील अशी जुनी गाडी घेतली. गाडी येते का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "गाडी आली, आता मला येईल." आणि शिकल्याही. हे जरा कुरकुरले, "अक्का, बाईमाणसाने गाडीवर ड्यूटी करायची म्हणजे..." त्यावर अक्का म्हणाल्या, "चालवणारी बाई आहे हे गाडीला माहीत नाहीये बाळू. तू सांगू नकोस."

तेव्हा हिंजवडीला कंपन्या नुकत्या येत होत्या. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस आणि मधेच एखादी काचेची इमारत. अशाच एका कंपनीत सहा मुलींची ने-आण करायला गाडी हवी होती. बाकीच्या गाडीवाल्यांनी अक्कांना बघून तोंड लपवून हसून घेतलं होतं. कंपनीतला साहेब म्हणाला, "सोमवारी सकाळी सातला पहिली फेरी. गाडीचं काम करून आणा. पहिल्याच दिवशी बंद पडली, तर मागे रांग लागली आहे." कारखान्यातून मिळालेले सगळे पैसे त्या गाडीत गेले होते. सोमवार हुकला असता तर हातात काहीच उरलं नसतं.

गॅरेजवर अक्कांचा विश्वास नव्हता. "तेल बदलतो का नुसतं पुसतो, हे मी बाकावर बसून कसं बघणार?" म्हणायच्या. म्हणून रविवारी घरीच करायचं ठरलं. इंजिनात एक तेल गाळायचा डबा असतो, पेल्याएवढा, पत्र्याचा, आट्यांवर फिरवून बसवायचा. त्याला फिल्टर म्हणतात. तेल बदललं की तोही नवा लावायचा. सकाळी अक्कांनी नव्या फिल्टरचं खोकं माझ्याकडे दिलं, "वर नीट ठेव, इथे धूळ फार आहे." मग अंगणातल्या उतारावर गाडीची पुढची चाकं चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि स्वतः गोणपाट पसरून गाडीखाली शिरल्या. जुनं तेल घमेल्यात काढलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. जुना फिल्टर मात्र हलेना.

तो हलणार कसा? आधीच्या वेळी तो यांनी बसवला होता. हे मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर कामाला. पोत्याची तोंडं बांधून बांधून यांच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक, आवळणं. आमच्या घरी नळ बंद केला तर तो उघडायला शेजारी हाक मारावी लागते. फिल्टरसुद्धा यांनी पोत्यासारखा आवळला होता, तोही रबराला तेलाचं बोट न लावता, कोरडाच. आणि त्या दिवशी हे गावाला लग्नाला गेलेले!

अक्कांनी हाताने बघितलं, फडकं गुंडाळून बघितलं, माती लावून बघितलं. तेलाने बोटं सटकत होती. दुसऱ्या मजल्यावरचे पानसेकाका गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन उभे. रविवारी त्यांना दुसरं काम नसे.

"काय अक्का, गाडीची दुरुस्ती चाललीय का बाळंतपण?"

गाडीखालून उत्तर आलं, "दोन्हीत पुरुषांचा उपयोग सारखाच. वरून चौकशी."

काका हसले, पण गॅलरीतून हलले नाहीत. मग म्हणाले, "त्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसा आणि फिरवा." अक्कांनी तेही केलं. पत्रा टरटर फाटला, उरलेलं तेल कोपरापर्यंत ओघळलं आणि फिल्टर होता तिथेच. अक्कांनी स्क्रू-ड्रायव्हर गोणपाटावर टाकून दिला. त्यांनी हातातलं काम टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. गाडीत तेल नाही, तेलाशिवाय गाडी सुरू करता येत नाही, गॅरेजं बंद. हळूच म्हणाल्या, "सुमन, बहुतेक संपलं गं."

मी उठून वर गेले. आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला सायकलच्या ट्यूबचं एक वेटोळं कायम टांगलेलं असतं. यांनी लोणच्याची बरणी बंद केली की ती उघडायला मला तेच लागतं. बरणीच्या झाकणाला वेटोळं घालायचं, त्यात लाटणं अडकवून पीळ द्यायचा, पीळ घट्ट बसला की लाटणं उघडायच्या बाजूला ओढायचं. मी ट्यूब आणि लाटणं घेऊन खाली आले आणि गाडीखाली हात लांब करून अक्कांना दिलं. काय करायचं ते तोंडाने सांगता येईना, म्हणून हवेतच हाताने करून दाखवलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, लाटण्याकडे बघितलं. फाटलेल्या जागेच्या वर, जिथे पत्रा शाबूत होता तिथे, ट्यूब बसवली, पीळ दिला आणि ओढलं. आधी काही झालं नाही. मग कुर्र असा आवाज आला, आमच्या बरणीचा येतो तसाच.

"निघाला! सुमन, निघाला गं!"

गॅलरीत पानसेकाकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. अक्का खालूनच म्हणाल्या, "आण तो नवीन." तेव्हा मी, सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडून, मोठ्या उत्साहाने म्हणाले, "आणते. वाळला असेल आता."

"वाळला म्हणजे?"

"धुऊन ठेवलाय ना. पावडरने."

आमच्याकडे नवीन भांडं आणलं की धुतल्याशिवाय वापरत नाहीत. खोकं उघडलं तर आतला पत्रा हाताला ओशट लागला, वास येत होता. मला वाटलं, दुकानातली घाण. चांगला तीन पाण्यांनी खळबळून धुतला आणि गॅलरीत उन्हाला पालथा घातला. त्याच्या आत कागद असतो आणि त्याचा लगदा होतो, हे मला कुठे माहीत?

नव्या फिल्टरसाठी गाडीखालून आलेला हात परत आत गेला. आणि मग गाडीबाहेर आलेले अक्कांचे पाय हलायला लागले. आधी मला वाटलं अक्का रडताहेत. पण त्या हसत होत्या, पोट धरून, पाठीवर पडून, डोक्यावर गाडी आणि अंगावर तेल... "पावडरने! निर्मळ झाला असेल गं!" बाहेर आल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी, तोंडावर काळे पट्टे. चोळीतून पैसे काढून माझ्या हातात ठेवले, एकशे दहा रुपये. "जा, दुसरा आण. हे तुझ्या नावावर. फेडायचे."

नाना पेठेतलं दुकान रविवारी बंद, पण मालक वरच राहतो, हे अक्कांना माहीत होतं. पानसेकाका न सांगता स्कूटर काढून उभे राहिले. मी आयुष्यात परक्या माणसाच्या मागे बसले नव्हते. दुकानाचं शटर बंद. मी काकांकडे बघितलं. ते आरशात बघून मिशी सारखी करत म्हणाले, "मी आणून सोडलं. ओरडणं माझ्याकडे नाही."

मी पाच मिनिटं उभी राहिले. मग डोळे मिटले आणि ओरडले, "अहो दादा! फिल्टर!" शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. दुकानदार बनियनवर खाली आला. मी रिकामं खोकं पुढे केलं. तो म्हणाला, "खोकं तर नवंच दिसतंय. आतल्या फिल्टरचं काय झालं?" खोटं मला सुचत नाही. सांगितलं. त्याने बायकोला खाली बोलावलं आणि मला परत एकदा सांगायला लावलं. हसून झाल्यावर फिल्टर दिला. पैसे मात्र पूर्ण घेतले.

नवा फिल्टर अक्कांनी बसवला तो मला जवळ बसवून. "बघ. रबरावर तेलाचं बोट फिरवायचं. मग हाताने लावायचा. रबर टेकलं की थोडा आणखी, हात सांगेल तेवढाच. बाळू सांगेल तेवढा नाही." तेल भरलं, गाडी सुरू केली, बंद केली. पानसेकाकांनी वरून वर्तमानपत्राची पुरवणी टाकली, "ही गाडीखाली पसरा. नाहीतरी ती पुसायलाच असते." रात्रभरात तेल ठिबकलं तर कागदावर दिसणार होतं.

सोमवारी पहाटे अक्का आणि मी दोघी कंदील घेऊन वाकलो. कागद कोरडा होता. साडेसहाला त्या गेल्या, आणि नऊ वाजता कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत परत आल्या.

पुढे सतरा वर्षं त्या हिंजवडीला गेल्या. तीन गाड्या झाल्या. ऊस गेला, इमारती आल्या, वाहतूक इतकी वाढली की मुलींचं निम्मं आयुष्य गाडीतच जायचं. नागपूरकडची एक मुलगी लग्नाचं पक्कं झाल्यावर आईच्या आधी अक्कांना सांगायला आली होती. अक्का तिला म्हणाल्या, "मुलगा बघितलास, बरं केलंस. झाकणं किती घट्ट लावतो ते बघ." तेल बदलायचा रविवार मात्र आम्ही चुकवला नाही. मी पाने-पकडी द्यायचे, घमेलं धरायचे, कागद पसरायचे. गाडीखाली शिरायला मात्र मला भीती वाटायची. पुढे मी लोणची करून विकायला लागले, त्याचे पहिले पैसे आले तेव्हा मी एकशे दहा रुपये मोजून अक्कांना द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतले. "पैसे कोण मागतंय? ज्या दिवशी तू एकटी जाऊन फिल्टर आणशील आणि एकटी लावशील, त्या दिवशी फिटले. तोवर तू माझी देणेकरी." मग दर दिवाळीला सगळ्यांसमोर विचारायच्या, "काय देणेकरी, फिल्टरचं काय?" आणि मी पदर तोंडाला लावून हसायची. शेवटी भेटले तेव्हाही, जाण्याच्या आठ दिवस आधी, उशीला टेकून बसल्या होत्या. हात धरून म्हणाल्या, "तेल बदलायला झालंय हं. मला आता वाकता येत नाही." एवढंच. मी नेहमीसारखी मान हलवली.

मागच्या आठवड्यात वैशाली म्हणाली, "मामी, तुमच्या अंगणातली आईची गाडी आता मीच वापरेन. शनिवारी गॅरेजला टाकते." मी म्हणाले, "एक रविवार मला दे."

शनिवारी बसने एकटी नाना पेठेत गेले. दुकानात आता तेव्हाच्या मालकाचा मुलगा बसतो. फिल्टरचे तीनशे वीस झालेत. माझ्या लोणच्याच्या पैशातून दिले, पावती मागून घेतली. रविवारी गोणपाट पसरलं आणि गाडीखाली शिरले. साठी ओलांडलेली बाई, गुडघे बोलतात. वैशाली घमेलं धरून बाजूला होती, तिला मी हात लावू दिला नाही. हे दारात उभे राहून सूचना द्यायला लागले तेव्हा वैशालीच म्हणाली, "मामा, तुम्ही आत." जुना फिल्टर अक्कांनीच लावलेला. मी खिळ्यावरची ट्यूब आणि लाटणं घेऊनच उतरले होते, पण त्यांची गरजच पडली नाही. हाताने धरला आणि सहज फिरला... नवा न धुता लावला. रबरावर बोट फिरवलं, हात सांगेल तेवढाच आवळला.

पानसेकाकांचे डोळे गेलेत, पण कान शाबूत आहेत. गॅलरीतल्या खुर्चीतून म्हणाले, "खाली कोण आहे?"

"मी सुमन, काका!" मी खालून ओरडले.

"एवढा मोठा आवाज आहे होय तुला! पुरवणी हवी का?"

रात्री ती पसरली. आज सकाळी उठून आधी खाली गेले, वाकले, कागद ओढून काढला. एक थेंब नाही. घडी करून वर आणला, त्यात पावती ठेवली आणि ट्यूबच्या खिळ्यालाच अडकवला. मग लाटणं धुतलं, कणीक मळली आणि पहिली पोळी लाटता लाटता जरा मोठ्यानेच म्हणाले, "अक्का, फिटले हो सगळे."